यंत्राचा हिशेब आणि माणसाचा हिशेब



मुंबईच्या सहार विमानतळावरील मालगोदामात परदेशातून एक पेटी उतरते. पेटीत संगणक आहेत, ते एकमेकांना जोडणारी उपकरणे आहेत. ही पेटी जावयाची आहे अंधेरी पूर्वेच्या मरोळ भागातील सीप्झमध्ये. अंतर अवघ्या काही किलोमीटरांचे. पेटी मालमोटारीतून मुंबईच्याच रस्त्याने जाते, मुंबईच्याच वाहतुकीत अडकते आणि तासाभरात सीप्झच्या फाटकातून आत जाते. मात्र कायद्याच्या दृष्टीने ह्या साऱ्या प्रवासात ती भारताच्या सीमाशुल्क हद्दीत आलेलीच नसते. विशेष आर्थिक क्षेत्राविषयीच्या २००५ सालच्या कायद्याचे ५३ वे कलम असे सांगते की, मंजूर झालेल्या व्यवहारांपुरते हे क्षेत्र भारताच्या सीमाशुल्क प्रदेशाबाहेर आहे असे मानावे. म्हणून त्या पेटीवर सीमाशुल्क नाही आणि आयातीवरील वस्तू व सेवा करही नाही.

‘मुक्त व्यापार क्षेत्र’ हे नाव ऐकले की तेथे कोणताही निर्बंध नसावा, सरकारने तेथे हात टेकले असावेत, अशी सर्वसाधारण समजूत होते. तिचे समर्थकही असेच बोलतात आणि आपल्या चळवळीतील टीकाकारही बहुधा असेच बोलतात. प्रस्तुत विवेचनाचा पहिला मुद्दा हा की, ही समजूत चुकीची आहे. मुक्त क्षेत्राइतके बारकाईने नियंत्रित असे औद्योगिक स्थळ देशात क्वचितच दुसरे सापडेल. प्रश्न नियंत्रण असण्या-नसण्याचा नाही. नियंत्रण कशाचे आणि कोणासाठी, हा खरा प्रश्न आहे.

विशेष आर्थिक क्षेत्रे आपल्या कार्यकर्त्यांना माहीत झाली ती जमिनीच्या लढ्यातून. रायगड जिल्ह्यातील महामुंबई प्रकल्पाविरुद्धचा शेतकऱ्यांचा संघर्ष आणि सप्टेंबर २००८ मध्ये पेण तालुक्यातील बावीस गावांत घेण्यात आलेला कौल अनेकांच्या स्मरणात आहे. त्याआधी २००७ च्या अखेरीस गोव्यातील जनतेच्या रेट्यापुढे तेथील सरकारला ही क्षेत्रे रद्द करण्याची घोषणा करावी लागली. हे लढे मोलाचे होते. परंतु जी क्षेत्रे उभी राहिली त्यांच्या फाटकाच्या आत काय चालते, ह्याचा अभ्यास चळवळीने फारसा केला नाही. तो करण्याचा सोपा मार्ग म्हणजे त्या पेटीच्या मागोमाग फाटकातून आत जाणे.

ती आत जाण्यापूर्वीच बरेच काही घडलेले असते. ज्या घटकाने ती मागविली त्याने विकास आयुक्तांकडून मंजुरीपत्र घेतलेले असते. त्या पत्रात कोणता व्यवसाय करावयाचा हे नमूद असते आणि त्या व्यवसायाला लागणारा मालच शुल्काविना आणता येतो. घटकाने सरकारला एक बंधपत्र लिहून दिलेले असते. आणलेला माल मंजूर कामासाठीच वापरू, त्याचा योग्य हिशेब ठेवू आणि तसे न घडल्यास शुल्क भरू, असा त्याचा आशय. माल आला की घटक बिल ऑफ एंट्री दाखल करतो. क्षेत्रातील अधिकारी त्याची नोंद करतो आणि त्या आधारे विमानतळावरील वा बंदरावरील सीमाशुल्क अधिकारी माल सोडतो. फाटकावर त्याची पुन्हा तपासणी होते. माल खरोखरच क्षेत्रात पोहोचला ह्याचा शेरा पंचेचाळीस दिवसांच्या आत बंदरावरील अधिकाऱ्याकडे परत गेला नाही, तर शुल्काची मागणी निघू शकते. म्हणजे वाटेत एक पेटी जरी गहाळ झाली, तरी दोन ठिकाणचे अधिकारी तिचा शोध घेऊ लागतात.

आत गेल्यावरही पाळत संपत नाही. प्रत्येक यंत्र कधी आले, कोणत्या किमतीला आले, कोठे वापरले जाते, ह्याचा हिशेब घटकाला ठेवावा लागतो. ते दुरुस्तीसाठी बाहेर न्यावयाचे तर त्याची रीत ठरलेली आहे. ते कायमचे बाहेर काढून देशात विकावयाचे तर ती जणू परदेशातून झालेली आयातच समजली जाते आणि शुल्क द्यावे लागते. इतकेच नव्हे, तर संगणकाच्या झिजेचेसुद्धा कोष्टक सरकारने तयार केले आहे. पहिल्या वर्षी दर तिमाहीला दहा टक्के, दुसऱ्या वर्षी आठ, तिसऱ्या वर्षी पाच, आणि चौथ्या-पाचव्या वर्षी एक-एक टक्का अशी किंमत घटत जाते. पाच वर्षांची बेरीज बरोबर शंभर होते. संगणक किती दिवसांत म्हातारा होतो हे राज्यसंस्थेला तिमाहीगणिक ठाऊक आहे.

आणि ह्या साऱ्यावर एक मुख्य अट आहे. पाच वर्षांच्या कालावधीत घटकाने मिळविलेले परकीय चलन त्याने खर्च केलेल्या परकीय चलनापेक्षा अधिक असले पाहिजे. दरवर्षी त्याचा अहवाल द्यावा लागतो, तो सनदी लेखापालाने प्रमाणित करावा लागतो, आणि अट मोडली तर कारवाई होऊ शकते. डॉलरचा हिशेब असा चोख ठेवला जातो.

ही व्यवस्था एकाएकी निर्माण झालेली नाही, तिच्यामागे इतिहास आहे. आयर्लंडमध्ये शॅनन विमानतळाशेजारी १९५९ साली असे क्षेत्र निघाले. भारताने १९६५ साली कांडला येथे निर्यातप्रक्रिया क्षेत्र काढले, ते आशियातील पहिले मानले जाते. १९७३ साली सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक निर्यातप्रक्रिया क्षेत्र, म्हणजेच आजचे सीप्झ, सुरू झाले. त्या काळी देशाकडे परकीय चलनाचा खडखडाट होता. संगणकावरील आयात शुल्क इतके जबर होते की यंत्राची किंमत दुपटीच्या वर जाई आणि शिवाय आयातीचा परवाना मिळविणे हे एक दिव्यच होते. अशा स्थितीत, यंत्र शुल्काविना आणू देतो, पण त्यावर खर्च झालेले परकीय चलन निर्यातीतून भरून द्या, हा सौदा समजण्याजोगा होता. भारतीय सॉफ्टवेअर निर्यातीची पहिली पावले ह्या सौद्यातूनच सीप्झमध्ये पडली, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. विरोधकाच्या बाजूतील सत्य नाकारून कोणतीही चळवळ बळकट होत नाही.

समाजवाद्यांना ह्याच काळातील दुसरी एक घटना आठवेल. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार परदेशी कंपन्यांना आपले भागभांडवल चाळीस टक्क्यांपर्यंत खाली आणावे लागणार होते. आयबीएम ह्या संगणक कंपनीने ते मान्य केले नाही आणि १९७८ साली ती देशातून निघून गेली. तेव्हा उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस होते. त्या निर्णयाची आजही कुचेष्टा होते. परंतु त्यामागील प्रश्न कुचेष्टेचा नव्हता. तंत्रज्ञान देशात आणताना त्याच्या अटी कोणी ठरवावयाच्या, हा तो प्रश्न होता. एकीकडे आयबीएमला अट घातली गेली, दुसरीकडे सीप्झमध्ये यंत्रांना अट घातली गेली. ह्या दोन्ही मार्गांत सरकारने एक गोष्ट गृहीत धरली होती की, अट घालण्याचा अधिकार समाजाचा आहे. हे गृहीतक आज विसरले गेले आहे आणि ते पुन्हा आठवून देण्याची गरज आहे.

पुढे परिस्थिती पालटली. १९८४ च्या संगणक धोरणाने आयात सैल केली. १९९१ मध्ये सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क योजना संस्थारूपाने उभी राहिली आणि निर्यात करणाऱ्या कंपन्यांना कुंपणात न जाता शुल्कमुक्त यंत्रे मिळू लागली. माहिती तंत्रज्ञानविषयक आंतरराष्ट्रीय करारात भारत १९९७ साली सामील झाला आणि त्या करारातील वस्तूंवरील सीमाशुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आणण्याचे त्याने कबूल केले. हे टप्पे २००५ साली पूर्ण झाले. म्हणजे २००५ पासून संगणक सीप्झमध्ये न्या, नाशिकला न्या अथवा नांदेडच्या बाजारात विका, मूळ सीमाशुल्क शून्यच.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. ज्या कारणासाठी संगणकाला कुंपणाच्या आत शुल्कमुक्त प्रवेश द्यावा लागत होता, ते कारण मुख्यतः २००५ साली संपले. आणि त्याच २००५ साली विशेष आर्थिक क्षेत्रांचा कायदा संसदेने मंजूर केला! फेब्रुवारी २००६ मध्ये तो अंमलात आला आणि देशभर क्षेत्रांचे पीक आले. त्यांतील निम्म्याहून अधिक क्षेत्रे माहिती तंत्रज्ञानाचीच होती. यंत्रावरील शुल्क हे जर कारण उरले नव्हते, तर एवढ्या कंपन्या कुंपणात शिरण्यासाठी का धडपडत होत्या?

उत्तर आयकर कायद्यात होते. नव्या घटकाला निर्यातीच्या नफ्यावर पहिली पाच वर्षे शंभर टक्के सूट, पुढची पाच वर्षे पन्नास टक्के, आणि त्यानंतरची पाच वर्षे नफा पुन्हा गुंतविल्यास पन्नास टक्क्यांपर्यंत सूट. टेक्नॉलॉजी पार्क योजनेतील आयकर सवलत २०११ साली संपली, तेव्हा हा दुसरा दरवाजा उघडा होता. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१४ साली संसदेपुढे ठेवलेल्या अहवालानुसार २००६-०७ ते २०१२-१३ ह्या सात वर्षांत ह्या क्षेत्रांना मिळालेल्या करसवलतींची रक्कम ८३,१०४ कोटी रुपये होती. त्याच अहवालाने दाखविले की क्षेत्रांसाठी अधिसूचित झालेल्या ४५,६३५ हेक्टर जमिनीपैकी २८,४८८ हेक्टरवरच कामकाज सुरू झाले होते. जमीन शेतकऱ्याची गेली, महसूल जनतेचा गेला, आणि त्याचे समर्थन मात्र निर्यातीच्या आणि रोजगाराच्या नावाने होत राहिले. आयकराची ही सवलत आता मार्च २०२० पर्यंत मंजुरी मिळालेल्या घटकांपुरतीच उरली आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या पंचमंडळानेही ऑक्टोबर २०१९ मध्ये ह्या योजनेला निषिद्ध निर्यात अनुदान ठरविले आणि भारताने त्याविरुद्ध अपील केले. म्हणजे यंत्रावरील शुल्क, नफ्यावरील कर, हे कुंपणाचे दोन्ही खांब खिळखिळे झाले आहेत. कुंपण मात्र उभे आहे.

आता यंत्राकडून माणसाकडे वळू. त्याच फाटकातून रोज सकाळी हजारो माणसे आत जातात. त्यांत संगणकाची आज्ञावली लिहिणारे तरुण-तरुणी आहेत, सुटे भाग जोडणाऱ्या आणि दागिने घडविणाऱ्या कामगार स्त्री-पुरुषांची मोठी संख्या आहे, तसेच साफसफाई, पहारा, उपाहारगृह ह्या कामांवर कंत्राटदारामार्फत आलेली माणसेही आहेत. त्यांच्याजवळही ओळखपत्र असते. परंतु यंत्राच्या वाट्याला आलेला हिशेब त्यांच्या वाट्याला येतो काय?

कागदावर पाहिले तर कामगार कायदे ह्या क्षेत्रांत लागू आहेत. केंद्र सरकारला ह्या क्षेत्रांपुरते इतर कायदे शिथिल करण्याचा अधिकार २००५ च्या कायद्याने दिला, पण कामगार संघटना, औद्योगिक विवाद, भविष्यनिर्वाह निधी, नुकसानभरपाई, प्रसूतिलाभ इत्यादी विषयांवरील कायदे त्यातून स्पष्टपणे वगळले. ही तरतूद महत्त्वाची आहे आणि ‘तेथे कामगार कायदाच नाही’ असे सरसकट विधान आपल्या कार्यकर्त्यांनी करू नये. मात्र समोरच्या दरवाजाने जे नाकारले ते मागच्या दरवाजाने आले. २००६ च्या नियमांत राज्य सरकारांकडून अशी अपेक्षा व्यक्त करण्यात आली की, त्यांनी औद्योगिक विवाद कायद्याखालील अधिकार विकास आयुक्तांकडे सोपवावेत आणि ह्या क्षेत्रांना सार्वजनिक उपयोगिता सेवा म्हणून जाहीर करावे.

ह्या दोन्ही गोष्टींचा अर्थ समजून घेतला पाहिजे. विकास आयुक्ताचे कायद्याने ठरविलेले कर्तव्य आहे क्षेत्राचा त्वरित विकास आणि निर्यातीची वाढ. ज्याच्या कामाचे माप निर्यातीच्या आकड्यांनी होते, त्याच अधिकाऱ्याने ओव्हरटाइमचा मोबदला न देणाऱ्या निर्यातदारावर कारवाई करावी, ही अपेक्षा मनुष्यस्वभावाला धरून नाही. येथे व्यक्तीच्या सचोटीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. दोष रचनेचा आहे. सीमाशुल्काच्या बाबतीत सरकारने ही चूक केली नाही, हे विशेष. तेथे विकास आयुक्ताबरोबर सीमाशुल्क खात्याचा अधिकारी असतो, बंधपत्र दोघे मिळून स्वीकारतात. महसुलाच्या रक्षणासाठी दुसरा डोळा नेमला गेला. श्रमिकाच्या रक्षणासाठी जो दुसरा डोळा होता, म्हणजे कामगार आयुक्त, तो मात्र बाजूला सारण्याची शिफारस झाली.

सार्वजनिक उपयोगिता सेवा ठरविण्यामागचा हेतूही उघड होता. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात अशा सेवांतील संपाला पूर्वसूचनेची सक्ती होती, इतर उद्योगांत ती नव्हती. रेल्वे, पाणीपुरवठा ह्यांसारख्या सेवा थांबल्या तर जनतेचे हाल होतात, म्हणून ही तरतूद. परदेशी बँकेची आज्ञावली लिहिणे अथवा निर्यातीचे दागिने घडविणे ही भारतीय जनतेची कोणती उपयोगिता सेवा? जो माल भारतीय जनतेने वापरावयाचाच नाही, त्याच्या उत्पादनाला जनतेच्या गरजेचे कवच चढविले गेले. आणि पुढे काय झाले? संसदेने २०२० साली मंजूर केलेली औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आणि तिने चौदा दिवसांच्या पूर्वसूचनेची अट सर्वच औद्योगिक आस्थापनांना लागू केली. कुंपणाच्या आत जो अपवाद होता, तो कुंपणाबाहेर नियम झाला. मुक्त क्षेत्राकडे दूरचे बेट म्हणून पाहणाऱ्यांनी ह्यावरून बोध घ्यावा. तेथे जे आज चालते ते उद्या सर्वत्र येऊ शकते.

२०२० च्या मार्च महिन्यातील एक प्रसंग ह्या दृष्टीने फार बोलका आहे. महामारीमुळे देश बंद झाला आणि कर्मचाऱ्यांनी घरून काम करावे असे ठरले. माणूस घरी पाठविणे सोपे होते. अडचण आली ती संगणकाची! कारण माणूस फाटकाबाहेर गेला तर तो फक्त घरी जातो, पण शुल्कमुक्त संगणक फाटकाबाहेर गेला तर कायद्याच्या भाषेत तो परदेशातून भारतात येतो. यंत्रे घरी नेता यावीत म्हणून शासनाला तातडीने सवलती द्याव्या लागल्या आणि जुलै २०२२ मध्ये तर घरून काम करण्याविषयीचा स्वतंत्र नियमच करावा लागला. त्या नियमात बाहेर जाणारे यंत्र, त्याची परवानगी, त्यातून होणारी निर्यात ह्यांचा विचार आहे. पण घर हेच कार्यालय झाल्यावर कामाचे तास कोठे सुरू होतात आणि कोठे संपतात, विजेचा खर्च कोणी सोसावयाचा, दोन खोल्यांच्या घरात स्वयंपाक आणि कचेरी एकत्र सांभाळणाऱ्या स्त्रीचे काय, ह्याबद्दल तो नियम मुका आहे.

ह्यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, माहिती तंत्रज्ञानातील कर्मचाऱ्याला भरपूर पगार आहे, त्याला संघटनेची गरज नाही. परंतु ज्याच्याकडून एका दिवसात राजीनामा लिहून घेतला जाऊ शकतो, त्याच्या पगाराला सुरक्षितता म्हणता येत नाही. शिवाय त्याच इमारतीत त्याच्या टेबलाची धूळ पुसणारी बाई कंत्राटदाराची कामगार आहे आणि तिचा मालक कोण हे तिला सांगता येत नाही. दुसरा आक्षेप असा की, अटी वाढविल्या तर उद्योग निघून जातील. पण अटी तर आजही आहेत! बंधपत्र, अहवाल, तपासणी, पंचेचाळीस दिवसांची मुदत, तिमाही घसारा, हे सर्व उद्योग निमूटपणे पाळतात आणि त्यासाठी स्वतंत्र माणसे नेमतात. संगणकाचा एवढा हिशेब ठेवूनही जे पळून गेले नाहीत, ते माणसाचा हिशेब मागितल्याने पळून जातील असे मानण्यास आधार नाही.

तेव्हा समाजवादी कार्यकर्त्यांनी कोणती भूमिका घ्यावी? केवळ ‘क्षेत्रे बंद करा’ ही घोषणा पुरेशी नाही. आत लाखो माणसांची पोटे आहेत आणि उद्या नवा कायदा आला तरी कुंपण दुसऱ्या नावाने उभे राहील. मागणी अशी असावी की, जी शिस्त यंत्राला लावली तीच श्रमाला लावा. परकीय चलनाच्या अटीबरोबर रोजगाराची अट मंजुरीपत्रात घाला. किती कायम कामगार, किती कंत्राटी, किमान वेतन आणि भविष्यनिर्वाह निधी कंत्राटी कामगारापर्यंत पोहोचला की नाही, हे वार्षिक अहवालात प्रमाणित करून घ्या, आणि अट मोडल्यास शुल्काप्रमाणेच वसुली करा. निर्यात वाढविणाऱ्या अधिकाऱ्याकडे कामगार कायद्याची अंमलबजावणी ठेवू नका, ती कामगार आयुक्ताकडे परत द्या. मान्यताप्राप्त संघटनेच्या प्रतिनिधीला फाटकातून आत जाण्याचा हक्क द्या. आणि प्रत्येक क्षेत्रासाठी जनतेने किती महसूल सोडला व त्या बदल्यात किती माणसांना कसला रोजगार मिळाला, ह्याचा ताळेबंद दरवर्षी प्रसिद्ध करा.

ह्यांतील कोणतीही मागणी क्रांतिकारक नाही. त्यासाठी नवे तंत्र शोधावे लागत नाही, नवे खातेही काढावे लागत नाही. हिशेब ठेवण्याची सारी यंत्रणा फाटकावर तयार आहे. कमी आहे ती तिला माणूस मोजावयास लावणाऱ्या दडपणाची. ते दडपण सरकार आपण होऊन निर्माण करणार नाही. ते फाटकाबाहेर, पाळी सुटण्याच्या वेळी, बसथांब्यावर आणि रिक्षाच्या रांगेत उभे राहून, आत काम करणाऱ्या माणसांशी बोलून निर्माण करावे लागेल. सीप्झच्या, हिंजवडीच्या रस्त्यांवर ती माणसे रोज संध्याकाळी भेटतात. कार्यकर्त्यांनी तेथे जाण्यास आता उशीर करू नये.